चव्वेचाळीस नंबरसारखं

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज पुन्हा फाटकात चिठ्ठी. या महिन्यातली तिसरी. 'मकान बेचना हो तो संपर्क करें', खाली फोन नंबर. म्हणजे या प्रॉपर्टी डीलरला रस्त्यावरून बघूनच कळतं की या घरात आता राम राहिला नाही. राम नसेल, पण मी आहे ना! चिठ्ठी टराटरा फाडली. मग ते कपटे उचलायला मलाच वाकावं लागलं.

परवा रविवारी साकेतही हेच म्हणत होता. चिरंजीव एक्स्प्रेसवेजवळच्या टॉवरमध्ये राहतात, एकोणिसाव्या मजल्यावर. "आई, यार, बाहेरून बघ ना एकदा. कूरियरवाला परत गेला, त्याला वाटलं घर बंद आहे." म्हटलं, त्याला बेल वाजवायला काय झालं होतं? "बेल चालत नाही, आई." मग दोनदा करपलेलं दूध निघालं. मग ऑगस्टमध्ये किल्ली रात्रभर बाहेर कुलपालाच राहिली होती, ते निघालं. प्रणिता मध्येच हळूच म्हणाली, "आई, तुमची खोली रेडीच आहे आमच्याकडे." सूनबाई स्वभावाने चांगली आहे, म्हणून तर जास्त राग येतो. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी, ती खोली!

मी अडुसष्ट वर्षांची आहे. तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. चारशे पोरं एका शिट्टीत रांगेत उभी केली. हे गेल्यापासून सहा वर्षं या घरात एकटी राहते आहे. आणि आता माझा मुलगा मला दूध तापवायला शिकवणार.

शेवटी बोली झाली. दिवाळीच्या आत मी घराचा दर्शनी भाग नवा करून दाखवायचा. रंग, फाटक, पायऱ्या, सगळं. एकटीने. साकेतने ठेकेदाराला एक फोनसुद्धा करायचा नाही. जमलं तर मी इथेच राहणार आणि हा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर दिवाळी झाली की बाडबिस्तरा गुंडाळून टॉवरमध्ये. "डन?" म्हणाला. डन तर डन.

बुधवार, १० सप्टेंबर

सकाळपासून चार वेळा रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहिले आणि घर बघितलं. साकेतचं अगदीच चूक नाही. हे इथे लिहिते, त्याला सांगायची नाही.

एकेकाळी पिवळं होतं. आता रंग कोणता म्हणावा? गच्चीपासून खालपर्यंत काळे ओघळ. फाटकाची खालची कड गंजाने खाल्लेली. पहिली पायरी तुटलेली, तिथे मी वीट लावून ठेवली आहे. मधुमालतीने फाटक, मीटर, नावाची पाटी सगळं गिळलंय. अठ्ठ्याऐंशी साली आम्ही राहायला आलो तेव्हा या नोएडात संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. आमचं आणि चार घरं सोडून भाटियांचं, दोन्ही घरं एकाच नकाशावर, एकाच मिस्त्रीने बांधलेली. तेव्हा गल्लीत आमचंच घर उठून दिसायचं. आता आजूबाजूला चार-चार मजली इमारती, आणि मध्ये आम्ही पडक्या दातासारखे.

पाचव्यांदा बघायला गेले नाही. लोक बघायला लागले होते.

शनिवार, १३ सप्टेंबर

यामीन ठेकेदार येऊन गेला. भाटियांच्या चव्वेचाळीस नंबरचं सगळं काम त्यानेच केलं. बुलंदशहरचा आहे. टेप लावून मोजताना सारखं "माताजी, माताजी". म्हटलं, माताजी मंदिरात, मला मॅडम म्हण. "जी मॅडमजी." माणूस हुशार आहे.

सोमवारपासून सुरू कर म्हटलं तर जीभ चावली त्याने. "मॅडमजी, श्राद्ध चल रहे हैं. इसमें आप लोग नया काम कहाँ शुरू करते हो?" मुसलमान माणूस मला पितृपक्षाची आठवण करून देतो आहे, आणि बरोबर करून देतो आहे. ह्यांची तिथी उद्याच, अष्टमीची. तेही मला तेव्हाच आठवलं. तो गेल्यावर धावतपळत तांदूळ आणि दूध आणलं.

रविवार, १४ सप्टेंबर

तिथी झाली. साकेत-प्रणिता आले होते. पानाला कावळा काही आला नाही, शेवटी गाईला घातलं. "काम सुरू नाही केलं अजून?" साकेतने विचारलंच. पितृपक्ष आहे, अकलेच्या कांद्या, म्हटलं. जणू काही मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसवले आणि कामाला हात लावला. आठ दिवस नुसती येरझाऱ्या घालत होते, आज जिवाला बरं वाटलं.

पहिला नंबर मधुमालतीचा. यामीनची माणसं कोयता घेऊन चढली. मी म्हटलं होतं थोडी छाटा. तासाभरात बुंध्यापर्यंत साफ! आतून बुलबुलाची दोन रिकामी घरटी निघाली, आमची जुनी पाटी निघाली, बेलची तुटलेली वायर निघाली. घर एकदम उघडंबोडकं दिसायला लागलं. यामीन म्हणाला, "देखो मॅडमजी, कितना खुला-खुला लग रहा है." हो म्हटलं. मग आत जाऊन उगीच दोन डबे पुसले.

संध्याकाळी प्रणिताचा फोन. वेल तोडली म्हटल्यावर म्हणाली, "आई, तुम्हाला तर ती आवडायची ना." आवडायची. पण मला घर जास्त आवडतं, त्याला काय करू?

गुरुवार, २५ सप्टेंबर

रंगाने जीव खाल्ला.

इथे घराच्या दर्शनी भागाला एलिव्हेशन म्हणतात. यामीनने फोनवर साठ-सत्तर एलिव्हेशनं दाखवली. रोमन खांब, सोनेरी सिंह, एका घराला तर चक्क धबधबा. मला साधं हवं म्हटलं तर म्हणतो, "साधा तो आपका पहले से है."

बदामी सांगितला. हात मारून झाल्यावर बदामी नकोसा वाटला. मग पांढरा. तो दवाखान्यासारखा. मग विटकरी. आता भिंतीवर तीन ठिगळं आहेत आणि येणारा-जाणारा थांबून मत देऊन जातो. दूधवाल्याला गुलाबी हवा आहे. दर अर्ध्या तासाने मी बाहेर येऊन बघते आणि मला दुसराच रंग बरा वाटतो. असं मला कधी होत नसे. पन्नास पोरांतून कबड्डीचे बारा गडी मी दोन मिनिटांत निवडायची, आणि संध्याकाळी त्यांच्या आयांशी भांडायलाही तयार असायची.

शेवटी यामीन हात जोडून उभा राहिला. "मॅडमजी, एक बार में बता दो. दिवाली सर पे है." मी वैतागले. सरळ चव्वेचाळीस नंबरकडे बोट दाखवलं. वैसा कर दो. सेम टू सेम.

"पक्का?" म्हणाला. पक्का.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

राखाडी टाइल आल्या. फाटक काळं, त्याच्यावर सोनेरी आडव्या पट्ट्या. पायऱ्यांना काळा ग्रॅनाइट. सगळं भाटियांसारखं. निवडायचं काही उरलं नाही म्हणून डोकं शांत आहे.

रविवार, २८ सप्टेंबर

राखाडी टाइल आल्या. फाटक काळं, त्याच्यावर सोनेरी आडव्या पट्ट्या. पायऱ्यांना काळा—

हे परवा लिहिलंय की. मागचं पान उलटल्यावर दिसलं. शब्द तेच, क्रमसुद्धा तोच.

कुणाचंही होतं. साकेत दर वर्षी स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरतो, त्याला कुणी टॉवरमध्ये नेऊन ठेवत नाही. तो आधीच तिथे आहे, ही गोष्ट वेगळी.

पान फाडणार होते. राहू दे.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. इथे आपटा कुठला, पार्कातल्या कचनारची पानं आणली, आपट्याची भावंडंच ती. नवं फाटक आज बसलं. झेंडूचं तोरण बांधलं, फाटकाला कुंकू लावलं. यामीनच्या माणसांना साखरभात खूप आवडला, परत-परत घेतला.

भाटियाबाई बघायला आल्या. आधी आमच्या फाटकाकडे, मग स्वतःच्या फाटकाकडे, मग माझ्याकडे. "आंटीजी, आपने तो पूरा कॉपी मार लिया!" हसत म्हणाल्या, पण टोचून. मी म्हटलं, चांगल्याचीच कॉपी करतात. शाळेत मी हेच वाक्य पोरांच्या कानाखाली देताना उलटं वापरायची. त्यावर त्या खूष झाल्या. त्यांच्या घरचे जिलेबीही देऊन गेले.

पार्सलवाला आजच आमचं पार्सल त्यांच्याकडे टाकून गेला. यामीनचा एक माणूसही काल पुट्टीचं पोतं त्यांच्या पोर्चमध्ये उतरवून आला. सगळे हसले. मीही हसले.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

करोल बागेत जाऊन आले. एकटी! मेट्रोने. साकेत म्हणाला होता, पाटी ऑनलाइन मागव. मुळीच नाही. मला पितळेची हवी, आणि मराठीत हवी.

गर्दी म्हणजे काय गर्दी. दिवाळीच्या आधी अख्खी दिल्ली तिथे लोटलेली. तीन दुकानं फिरले, घासाघीस केली, एकाने आमच्या 'परचुरे' ऐवजी 'परचूनी', म्हणजे किराणावाला, लिहिलं त्याला झापलं. शेवटी एक म्हातारा कारागीर भेटला. मी कागदावर नावं लिहून दिली, श्रीपाद आणि कुमुद. "अंकल का नाम ऊपर रखें?" म्हणाला. म्हटलं, अंकल ऊपरच आहेत, नाव खाली चालेल. त्याला कळायला जरा वेळ लागला, मग बिचारा कानाला हात लावायला लागला. पाटी दिवाळीनंतर मिळेल. तोवर फाटकावर ना नाव, ना नंबर.

येताना बसायला जागा मिळाली. उजव्या बाजूचे दरवाजे, डाव्या बाजूचे दरवाजे, सगळं नीट ऐकत आले. आपल्या स्टेशनला बरोबर उतरले. साकेतला फोन करून सांगितलं, तर "वा, आई" एवढंच. माझा मुलगा आठवीत असताना मेट्रो नव्हती, तेव्हा त्याला बस बदलायला मी शिकवलं आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

आजचा दिवस माझा.

परवा सगळं काम संपलं. पायऱ्यांच्या कडेने दिवे लावले, दोन मोठ्या कुंड्या आल्या, आणि यामीनने जाताना गच्चीच्या कठड्याला काळं राक्षसाचं तोंड टांगलं, दृष्ट लागू नये म्हणून. मी कुणालाही बोलावलं नव्हतं तरी गल्लीतल्या चार बायका बघून गेल्या. चिठ्ठीवाला डीलरसुद्धा येऊन गेला! "नया मालिक आ गया क्या?" म्हणतो. म्हटलं, मालकीण जुनीच आहे, नमस्ते.

साकेत-प्रणिता अकराला आले. मी मुद्दाम बाहेर गेले नाही, पडद्याआडून बघत होते. साकेतची गाडी आली, आणि सरळ पुढे गेली! मग रिव्हर्स. मग दोघंही उतरून रस्त्यात उभे. प्रणिताने आधी फोटो काढले. साकेत फाटकाला हात लावून उभाच राहिला, मग आत आला आणि त्याने मला जवळ घेतलं. चाळिशीचा घोडा, पण मला एकदम त्याचा शाळेतला वास आठवला. रडूच आलं मला.

"मान गए आई," म्हणाला. "मीच चुकलो. मला वाटत होतं तुला नाही झेपणार. ठरलं ते ठरलं, मी विषय काढणार नाही." प्रणिता म्हणाली, "आई, मी तर आधीच म्हणत होते." खोटं बोलते, पण गोड बोलते.

श्रीखंड-पुरी केली होती. दोघं जेवून गेले. इथेच राहायचं. आता हलवून दाखवा मला कुणी.

सोमवार, १३ ऑक्टोबर

जिंकले. मग चैन का पडत नाही? सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत. बाहेर येऊन बघते तर करायला काही उरलेलंच नाही. घर सुंदर दिसतं. पाहुण्यासारखं दिसतं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज तर कमालच झाली. अख्खी गल्ली हसते आहे.

अकराच्या सुमाराला भाजीच्या बूथवरून येत होते. पिशवी जड, त्यात मुळे आणि फ्लॉवर, ऊन चांगलंच. फाटक उघडंच होतं. आत गेले, चपला काढल्या, पिशवी जिन्याच्या पायरीवर ठेवली आणि बाकावर टेकले. थोड्या वेळाने बघते तर भाटियाबाई समोर उभ्या, हात कणकेने माखलेले! चव्वेचाळीस नंबरात जाऊन बसले होते मी.

आधी त्याही गोंधळल्या, मग एवढ्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. भाटिया आतून आले. "आंटीजी, हमारा कोई कसूर नहीं, कॉपी आपने की है!" मीही हसायला लागले. मग चहा झाला, मठरी झाली. भाटिया म्हणाले, काल मीच स्कूटर तुमच्या फाटकात लावत होतो. यामीनला फोन लावून त्याला शिव्या घातल्या, तोही हसला. बाईंनी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलंसुद्धा. त्यावर सत्तावीस हसरी तोंडं.

"और आंटीजी, आप अहो-अहो करके क्या भगा रही थीं?" बाईंनी विचारलं. "बंदर था क्या?"

म्हटलं, हो. माकडच होतं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

काल अर्धंच लिहिलं. माकड नव्हतं.

मी ह्यांना हाक मारत होते. अहो, पिशवी घ्या हो जरा. एकदा नाही, तीन-चारदा, जिन्याकडे बघून. आणि खाली येत नाहीत म्हणून मला राग आला होता, रोज यायचा तसा. भाटियाबाई बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना विचारणार होते, हे कुठे आहेत? बाईंना अहो म्हणजे काय ते कुठे ठाऊक.

सकाळी साकेतला फोन केला. सगळं सांगितलं. त्याने ग्रुपवर वाचलंच होतं, हसत होता. "अगं आई, सेम गेट आहे, मी स्वतः पुढे गेलो होतो! कोणीही चुकेल."

म्हटलं, फाटक सारखं आहे रे. पण तुझ्या बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

दिवाळी होऊ दे, मग ने मला, म्हटलं.